निर्णय बदलण्याची किंमत: जुने गेम आणि आजची गेम-निर्मिती

प्रश्न थोडक्यात असा आहे. १९८० च्या आसपास एकटा माणूस काही महिन्यांत पूर्ण गेम तयार करत असे आणि त्यांतले कित्येक गेम लोक आजही आवडीने खेळतात. आज मात्र एखाद्या मोठ्या गेमसाठी शेकडो माणसे पाच-सहा वर्षे राबतात. साधने इतकी सुधारली असताना काम वाढले कसे, जुन्या गेमचे डिझाइन खरोखर वेगळ्या जातीचे होते का, आणि आज हा व्यवसाय शिकू पाहणाऱ्याने जुन्या पद्धतींचा अभ्यास करावा का?

याचे नेहमी मिळणारे उत्तर म्हणजे तेव्हा यंत्रे दुबळी होती आणि आता ती बलवान आहेत. ते खरे आहे, पण त्यातून काम वाढल्याचे कारण कळत नाही. बलवान यंत्रावर काम कमी व्हायला हवे होते. मी बरीच वर्षे पुण्यात गेमप्ले प्रोग्रामर म्हणून काम करतो आहे आणि माझे मत असे बनले आहे की दोन काळांतला खरा फरक शोधायचा तर एकच गोष्ट तपासावी: डिझाइनचा एखादा निर्णय घेतल्यानंतर तो बदलायचा झाल्यास कोणाला, केव्हा आणि किती किंमत मोजावी लागते. तेव्हाची आणि आताची बाकीची बहुतेक वैशिष्ट्ये या एका प्रश्नाच्या उत्तरातून निघतात.

सुरुवात यंत्रापासूनच करावी लागेल. अटारी २६०० हे घरगुती गेम-यंत्र १९७७ साली अमेरिकेत बाजारात आले. त्यातला ६५०७ हा प्रोसेसर सुमारे १.१९ मेगाहर्ट्झ वेगाने चाले आणि मेमरी होती अवघी १२८ बाइट. देवनागरीतले एक मध्यम लांबीचे वाक्य आजच्या संगणकावर साठवायला यापेक्षा अधिक जागा लागते. प्लेस्टेशन ५ मध्ये १६ गिगाबाइट मेमरी आहे, म्हणजे १३ कोटी पटींहूनही जास्त. पण मेमरी कमी असण्यापेक्षा मोठी अडचण अशी होती की पडद्यावरचे चित्र साठवून ठेवायला त्या यंत्रात जागाच नव्हती. त्या काळच्या टीव्हीतला इलेक्ट्रॉनांचा झोत पडदा एकेका आडव्या रेषेने रंगवत जाई. अशा प्रत्येक रेषेमागे प्रोसेसरला ७६ आवर्तने (त्याच्या घड्याळाचे ठोके) मिळत आणि तेवढ्या वेळात त्या रेषेवर काय दिसायचे ते टीआयए नावाच्या चिपला सांगून मोकळे व्हावे लागे. एक सूचना पार पाडायला दोन ते सात आवर्तने लागतात हे लक्षात घेतले तर एका रेषेसाठी साधारण वीस-पंचवीस सूचनाच हाताशी राहतात. अमेरिकी टीव्हीच्या २६२ रेषांपैकी १९२ चित्रासाठी धरल्या जात आणि उरलेल्या ७० रेषांच्या काळात जॉयस्टिक वाचणे, गुण मोजणे, शत्रूंची हालचाल ठरवणे असे गेमचे सगळे कामकाज उरकावे लागे.

ही टीआयए चिप मुळात घरच्या टीव्हीवर फळीने चेंडू टोलवण्याचे आणि रणगाड्यांचे गेम खेळता यावेत एवढ्याच हेतूने आखली होती. म्हणून तिला माहीत असलेल्या वस्तू मोजक्या होत्या: दोन खेळाडू, त्यांच्या दोन गोळ्या, एक चेंडू आणि पार्श्वभूमीची ठोकळेबाज नक्षी. तिसरा शत्रू पडद्यावर आणायचा असेल तर झोत वरून खाली येत असताना एकाच खेळाडूचे चित्र मध्येच बदलून तो पुन्हा वापरावा लागे, आणि म्हणून दोन शत्रूंमध्ये काही रेषांचे अंतर ठेवणे भाग पडे. शत्रू कुठे उभे राहू शकतात हा डिझाइनचा प्रश्न, तर आवर्तने किती उरली हा प्रोग्रामिंगचा. पण या यंत्रावर ते दोन प्रश्न वेगळे करताच येत नव्हते. डिझायनर आणि प्रोग्रामर एकच माणूस असण्याचे कारण काटकसर हे नव्हते. ज्याला आवर्तने मोजता येत नाहीत त्याला काय मागावे हेही कळले नसते.

या काळाचा नमुना म्हणून मी नेहमी 'पिटफॉल!' हा गेम पुढे ठेवतो, कारण जुन्या डिझाइनचे बळ आणि मर्यादा दोन्ही त्यात स्वच्छ दिसतात. अटारीतून बाहेर पडलेल्या प्रोग्रामरांनी १९७९ मध्ये ॲक्टिव्हिजन ही कंपनी काढली. त्यांच्यापैकी डेव्हिड क्रेन यांनी केलेला हा गेम १९८२ साली आला. हॅरी नावाचा साहसवीर जंगलातून धावतो, वेलीला लटकून दलदल ओलांडतो, मगरींच्या डोक्यांवरून उड्या मारतो आणि २० मिनिटांत ३२ खजिने गोळा करण्याचा प्रयत्न करतो. जंगलात २५५ पडदे आहेत आणि सगळा गेम ४ किलोबाइटमध्ये बसतो. प्रत्येक पडद्यासाठी एक बाइट जरी राखून ठेवला असता तरी कार्ट्रिजचा, म्हणजे यंत्रात खोचायच्या गेमच्या डबीचा, सोळावा हिस्सा त्यातच गेला असता. क्रेन यांनी तेवढाही खर्च केला नाही.

त्यांची युक्ती अशी. आठ बिटांचा, म्हणजे ० किंवा १ अशा आठ खुणांचा, एक अंक घ्यायचा. त्याच्या काही ठरावीक बिटांवरून एक नवे बिट काढायचे, ते एका टोकाने आत सरकवायचे आणि दुसऱ्या टोकाचे बिट सोडून द्यायचे, की पुढच्या पडद्याचा अंक तयार होतो. बिटांची निवड योग्य असेल तर शून्य वगळता सर्व २५५ अंक एकेकदा येऊन गेल्याशिवाय पहिला अंक परत येत नाही. ही क्रिया उलट दिशेनेही करता येते, त्यामुळे हॅरी मागे वळला की त्याला अगदी मघाचाच पडदा मिळतो. अंकातली तीन बिटे पडद्यावर ओंडका, साप, आग यांपैकी काय असेल ते ठरवतात, तीन बिटे जमिनीचा प्रकार ठरवतात आणि उरलेल्या दोन बिटांवरून झाडांची मांडणी निघते. जंगलाचा नकाशा कार्ट्रिजमध्ये कुठेही लिहिलेला नाही. तो दर पडद्याला नव्याने काढला जातो.

आता डिझायनरच्या खुर्चीत बसून याचा विचार करावा. समजा एखाद्या विशिष्ट पडद्यावरचा साप काढून तिथे ओंडका ठेवायचा आहे. ते जमत नाही, कारण त्या पडद्याला स्वतःची अशी नोंदच नाही. उलट, बिटांचा अर्थ लावण्याची पद्धत बदलली तर पाच मिनिटांत सगळे २५५ पडदे बदलतात. म्हणजे एका जागेचा बदल अशक्य आणि सगळ्या गेमचा बदल जवळजवळ फुकट. आजच्या मोठ्या गेममध्ये हे गणित नेमके उलटे झालेले आहे: एका खोलीतला एक शत्रू हलवायला दोन सेकंद लागतात, पण सगळ्या गेमला लागू होणारा नियम बदलायचा म्हटला तर बैठका सुरू होतात. मला हा फरक मेमरीच्या आकड्यांपेक्षा फार मोलाचा वाटतो.

बदल स्वस्त असल्यामुळे जुने लोक योगायोगाने हाती लागलेली गोष्टही ठेवून घेऊ शकत. तोमोहिरो निशिकादो यांनी ताइतो कंपनीसाठी केलेला 'स्पेस इन्व्हेडर्स' १९७८ चा. त्याचे सर्किट, चित्रे आणि प्रोग्राम हे सर्व त्यांनी जवळपास एकट्याने केले. पडद्यावर शत्रू जितके जास्त तितका त्यातला इंटेल ८०८० प्रोसेसर मंदावे, आणि शत्रू मरत गेले की उरलेले आपोआप वेगाने सरकू लागत. यंत्राच्या या दुबळेपणातून मिळालेला ताण निशिकादो यांनी दुरुस्त न करता तसाच राहू दिला. खेळ जसजसा पुढे जाईल तसतसा कठीण व्हावा, हे आज आपण इतके गृहीत धरतो की तो कधीतरी कोणीतरी पाहून ओळखलेला आणि राखलेला परिणाम आहे याचा विसर पडतो. मोठ्या संघात असा परिणाम दिसला असता तर तो प्रथम दोष म्हणून नोंदला गेला असता, आणि दुरुस्त झाला असता.

'प्रिन्स ऑफ पर्शिया'ची गोष्ट याच घरातली. जॉर्डन मेक्नर यांनी आपल्या धाकट्या भावाला पळताना आणि उड्या मारताना चित्रित केले, त्या चित्रणावरून एकेक चौकट काढून नायकाची हालचाल उभी केली आणि ॲपल टू संगणकाची मेमरी त्या एका माणसानेच भरून टाकली. प्रतिस्पर्धी ठेवायला जागा उरली नाही. तेव्हा नायकाचेच चित्र एका बिटाने सरकवून स्वतःवरच एक तार्किक क्रिया करून पाहिली असता झगझगीत कडांची एक छायाकृती तयार झाली. तिला वेगळी मेमरी लागत नव्हती. आरशातून बाहेर पडून राजपुत्राच्या वाटेत येणारा छायापुरुष तो हाच. १९८९ मध्ये गेम आला तेव्हा त्याच्या कथेचा कणा या मेमरीच्या अडचणीतून आलेला होता. या उदाहरणावरून "मर्यादेतूनच प्रतिभा फुलते" असे सरसकट म्हणण्याची पद्धत आहे, ती मला मान्य नाही. त्याच काळात, त्याच मर्यादांत शेकडो निकृष्ट गेमही निघाले. मर्यादेने मेक्नर यांना कल्पना दिली नाही. हाती आलेली कल्पना कथेत बसवून पाहणे एका माणसाच्या हातातले काम होते, आणि म्हणून ते झाले.

याची दुसरी बाजू तितकीच खरी आहे. कार्ट्रिजचा रॉम, म्हणजे गेम कायमचा कोरलेली चिप, एकदा कारखान्यात गेला की पुढे काहीही बदलता येत नसे. अटारीतले प्रोग्रामर हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉ यांना 'यार्स रिव्हेंज' हा गेम करायला सुमारे सात महिने मिळाले होते. चित्रपटावरून करायच्या 'ई.टी.'साठी १९८२ मध्ये साधारण पाच आठवडे मिळाले, कारण नाताळच्या बाजारात तो पोहोचायला हवा होता. खेळाडू वारंवार खड्ड्यात पडतो ही त्या गेमबद्दलची सर्वांत मोठी तक्रार. दोष कळला, पण दुरुस्त करण्याचा मार्गच नव्हता. छापलेली कार्ट्रिज छापलेलीच राहिली. त्यांतली काही न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो येथील कचराभूमीत पुरली गेली, आणि २०१४ च्या उत्खननात ती सापडलीही. 'पॅक-मॅन'मध्ये २५६ वी फेरी आली की आठ बिटांचा मोजणी अंक ओलांडला जाऊन अर्धा पडदा चिन्हांच्या गर्दीने भरतो. तो दोष आजही त्या मूळ यंत्रांत आहे. रॉम जाईपर्यंत बदल फुकट आणि गेल्यावर अशक्य: जुन्या काळाची किंमत अशी एका तारखेवर उभी होती.

नाण्यांवर चालणाऱ्या आर्केड यंत्रांबद्दल एक गोष्ट नोंदवून पुढे जातो. त्या गेमची काठिण्यपातळी पुष्कळदा कमाईच्या हिशेबाने ठरे: एका नाण्यात खेळाडू किती वेळ उभा राहील यावर दुकानदाराचे उत्पन्न अवलंबून होते. तीन जिवांची मर्यादा, मेल्यावर पहिल्यापासून सुरुवात, झपाट्याने वाढणारा वेग या गोष्टी तिथून घरगुती गेममध्ये आल्या. आज जुन्या गेमच्या प्रेमातून त्या जशाच्या तशा उचलणारे नवशिके भेटतात, तेव्हा मी त्यांना विचारतो की तुमच्या गेममध्ये नाणे कुठे टाकायचे आहे.

एका डोक्यातला गेम अनेकांच्या हातात जाण्याची वाट 'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्ये दिसू लागते. १९८५ चा हा गेम ४० किलोबाइटचा. त्यातले ढग आणि झुडपे एकच चित्र वेगवेगळ्या रंगांत वापरून केलेली आहेत हे पुष्कळांना ठाऊक असेल. पण कामाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की निन्टेंडोचे डिझायनर मियामोतो आणि तेझुका लेव्हल (गेमचा एकेक टप्पा) आलेखकागदावर काढत आणि प्रोग्रामर त्या आकड्यांत उतरवत. इथे पाइप, इथे विटा, इथे खड्डा, अशा वस्तूंच्या यादीच्या रूपात लेव्हल साठवलेली आहे. 'पिटफॉल!'मध्ये जे अशक्य होते ते, म्हणजे एका जागेचा बदल, इथे शक्य झाले. त्याबरोबर डिझायनर आणि प्रोग्रामर यांच्यामध्ये एक कागदही आला.

तो कागद पुढे प्रोग्राम झाला. आयडी सॉफ्टवेअरचा 'डूम' डिसेंबर १९९३ मध्ये आला. त्यात जॉन कारमॅक यांचे चित्रण करणारे इंजिन एका बाजूला आणि नकाशे, चित्रे, आवाज यांची स्वतंत्र वॅड फाइल दुसऱ्या बाजूला अशी सरळ विभागणी होती. जॉन रोमेरो आणि इतर डिझायनर स्वतःच्या संपादकात नकाशा काढत, तो तयार करून लगेच खेळून पाहत आणि इंजिनाच्या कोडला हातही न लावता पुन्हा बदलत. खेळाडूंनीही स्वतःचे नकाशे बनवायला सुरुवात केली, ती आजतागायत थांबलेली नाही. आजची प्रत्येक गेम कंपनी या विभागणीवर उभी आहे. कलाकाराला प्रोग्रामरची वाट पाहावी लागू नये आणि प्रोग्रामरला कलाकाराची, एवढ्यासाठी आपण साधने लिहितो. माझ्या आजवरच्या कामाचा मोठा वाटाही अशी साधने लिहिण्याचाच आहे.

पण विभागणीची किंमत असते, आणि ती एका उडीच्या उदाहरणाने दाखवतो. जुन्या गेममध्ये नायकाची उडी किती उंच हे कोडमधल्या एक-दोन अंकांवर असे. अंक बदलला, गेम चालवला, दोन-चार खड्डे रुंद केले, संध्याकाळपर्यंत काम संपले. आजही तो अंक इंजिनातल्या एका चौकटीत असतो आणि कोणीही तो बदलू शकतो. पण त्या अंकाच्या भरवशावर लेव्हल डिझायनरांनी शेकडो भिंती, कठडे आणि छपरे बांधलेली असतात. उडी वाढली की खेळाडू जिथे पोहोचू नये अशा छतावर पोहोचतो आणि गोष्टीचा पुढचा भाग आधीच उघडतो. उडीचे ॲनिमेशन अभिनेत्याच्या हालचाली नोंदवून केलेले असते, त्याचा कालावधी आता जुळत नाही. शत्रूंच्या वाटांच्या जाळ्यात कुठून कुठे उडी मारता येते याची नोंद असते, ती पुन्हा तयार करावी लागते. कॅमेरा, पडल्यावरचा आवाज, इजा होण्याची उंची, शिकवणीचा मजकूर आणि त्याची पंधरा भाषांतली भाषांतरे, आणि या सगळ्याची पुन्हा तपासणी करणारा क्यूए संघ. अंक एकच, पण बदलाची किंमत चाळीस माणसांचे काही आठवडे.

म्हणूनच आजच्या निर्मितीपद्धतीतल्या ज्या गोष्टी बाहेरून नोकरशाहीसारख्या दिसतात, त्यांचा हेतू बदल शक्य तितका काळ स्वस्त ठेवणे हा असतो. नायकाची उंची, उडी, दाराची रुंदी, आडोशाची उंची ही मापे अगदी सुरुवातीला ठरवून गोठवली जातात. लेव्हल प्रथम राखाडी ठोकळ्यांत उभी करतात, तिला ग्रेबॉक्स किंवा ब्लॉकआउट म्हणतात, आणि ती खेळून समाधान झाल्याशिवाय कलाकाराने तिथे एक झाडही लावू नये असा नियम असतो. पूर्वनिर्मितीच्या टप्प्यात छोटा संघ प्रोटोटाइप, म्हणजे कच्चे नमुने, करून ते टाकून देतो. त्यानंतर गेमचा एक छोटा पण अंतिम दर्जाचा तुकडा तयार करून मगच मोठा संघ बोलावला जातो. हा टप्पा घाईने उरकलेले प्रकल्प मी जवळून पाहिले आहेत. कितीही गुणी माणसे असली तरी पुढची दोन वर्षे ती आधीचे निर्णय निस्तरत राहतात.

किमतीचा अंदाज यावा म्हणून सार्वजनिक झालेले दोन आकडे देतो. मायक्रोसॉफ्टने ॲक्टिव्हिजन विकत घेण्याच्या व्यवहारावर अमेरिकेत २०२३ मध्ये खटला चालला तेव्हा सोनीच्या कागदपत्रांतला काही मजकूर नीट झाकला न गेल्याने उघड झाला. त्यानुसार 'द लास्ट ऑफ अस भाग दोन'चा खर्च सुमारे २२ कोटी डॉलर आणि पूर्णवेळ माणसे जास्तीत जास्त २००. 'होरायझन फॉरबिडन वेस्ट'चा खर्च सुमारे २१.२ कोटी डॉलर आणि माणसे ३००. या खर्चातला सिंहाचा वाटा पगारांचा असतो, आणि त्यातले बहुतेक पगार गेममध्ये दिसणाऱ्या आणि ऐकू येणाऱ्या गोष्टी तयार करण्याचे: वस्तू, चेहरे, हालचाली, शहरे, संवाद. यंत्र बलवान झाल्याने काम का वाढले, या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. अटारीच्या पडद्यावर दगड म्हणजे काही ठोकळे. आजच्या पडद्यावर दगड म्हणजे आकार, पोत, ओलसरपणा, दूरवरून दिसणारी साधी रूपे, आणि त्यावर पाय पडल्यावरचा आवाज. जागा आणि वेग मिळाल्यामुळे ते सगळे दाखवता येते, आणि दाखवता येते म्हणून कोणीतरी ते करावे लागते. यंत्राची मर्यादा मात्र अजिबात संपलेली नाही. सेकंदाला ६० चित्रे हवी असतील तर एका चित्रासाठी १६.६ मिलिसेकंद मिळतात, आणि त्यांतली भौतिक गणिताला किती, शत्रूंच्या विचाराला किती, प्रकाशाला किती यावर आमचे संघ आजही तितक्याच काटेकोरपणे भांडतात.

रॉमची ती अंतिम तारीख आज नाहीशी झाली आहे. 'सायबरपंक २०७७' डिसेंबर २०२० मध्ये अशा स्थितीत बाहेर पडला की काही दिवसांत सोनीने तो आपल्या दुकानातून काढला. पुढे सुधारणा होत होत सप्टेंबर २०२३ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यातले मुख्य नियमही नव्याने बांधले गेले. खेळाडूला चांगला गेम मिळाला हे खरेच, पण मला ही सोय धोक्याची वाटते, कारण "नंतर दुरुस्त करू" हे वाक्य नियोजनाच्या पहिल्याच बैठकीत ऐकू येऊ लागते आणि त्याची किंमत रात्री जागणाऱ्या कनिष्ठांकडून वसूल होते. शिवाय जो गेम सतत सर्व्हरवर अवलंबून असतो तो सर्व्हरबरोबर जातो. 'द क्रू' या मोटारींच्या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ रोजी बंद झाले आणि पैसे देऊन घेतलेली प्रत कोणालाच खेळता येईना. अटारीची १९८२ ची कार्ट्रिज मात्र आजही लावली की चालते.

"तेव्हा एक माणूस, आता शेकडो" ही तुलनाही जरा तपासून घ्यायला हवी. डेव्हिड क्रेन एकटे होते, पण त्यांच्यामागे चिप-रचनाकार जे मिनर आणि सहकाऱ्यांनी आखलेली टीआयए चिप होती. आज एखादा छोटा संघ अनरील, युनिटी किंवा गोडो यांसारखे आयते इंजिन घेऊन काम करतो तेव्हा त्याच्यामागे इंजिन लिहिणाऱ्या शेकडो माणसांची वर्षे असतात. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 'राजी: ॲन एन्शंट एपिक' हा गेम अनरील इंजिनावर केला आणि तो २०२० मध्ये जगभर विकला गेला. तेवढ्या लहान संघाने प्रकाश, सावल्या, भौतिक गणित आणि वेगवेगळ्या यंत्रांवर गेम चालवण्याची व्यवस्था स्वतः लिहायची ठरवली असती तर राजीच्या वाड्यांना आणि मंदिरांना हात लावायला वेळच उरला नसता. एरिक बरोन यांनी साडेचार वर्षांच्या आसपास एकट्याने काम करून 'स्टारड्यू व्हॅली' २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. एकट्याने गेम करणे बंद पडलेले नाही. त्याने काय स्वतः करायचे आणि काय आयते घ्यायचे, ती सीमा सरकली आहे.

आता शिकणाऱ्यासाठी. जुन्या काळातून घेण्यासारखी पहिली गोष्ट म्हणजे बदल स्वस्त असेल अशा जागी खेळाचा गाभा शोधणे. 'सेलेस्ट' या २०१८ च्या गेमचे मूळ रूप मॅडी थॉर्सन आणि नोएल बेरी यांनी चार दिवसांत पिको-८ वर केले होते. पिको-८ हे मुद्दाम मर्यादित ठेवलेले काल्पनिक यंत्र आहे: पडदा १२८ गुणिले १२८ ठिपक्यांचा, रंग १६, कार्ट्रिज ३२ किलोबाइटची. उडी, हवेतली झेप आणि भिंतीवरून मारलेली उडी हा पुढच्या मोठ्या गेमचा प्राण त्या छोट्या यंत्रावरच सापडला होता. मोठ्या गेममध्ये त्यांनी पुष्कळ बारकावे भरले. उदाहरणार्थ, कड्यावरून पाय सुटल्यानंतरही क्षणभर उडीचे बटण चालते, म्हणून खेळाडूला यंत्राने आपल्याला फसवले असे वाटत नाही. 'मारिओ'मध्ये बटण जास्त वेळ दाबले की उडी जास्त उंच जाते, हा त्याच जातीचा विचार आहे. हात आणि पडदा यांच्यातले हे नाते जुळवण्याचे काम १९८५ मध्ये जसे होते तसेच आज आहे; अंक बदलायचा, खेळायचे, पुन्हा बदलायचा. याला कोणत्याही इंजिनाने पर्याय दिलेला नाही.

असेंब्ली भाषा, म्हणजे प्रोसेसरच्या सूचना थेट लिहिण्याची भाषा, शिकावी का, असे पुष्कळ विद्यार्थी विचारतात. नोकरीसाठी तिची गरज फार थोड्यांना पडते. पण स्टेला हा अटारीचा इम्युलेटर, म्हणजे आजच्या संगणकावर त्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम, मोफत मिळतो, आणि त्यावर एक चौकोन जॉयस्टिकने हलवण्याचा प्रोग्राम लिहून पाहिला तर यंत्राचा वेळ म्हणजे काय हे एकदाचे अंगी मुरते, तेवढे पुरे. त्यानंतर तोच वेळ दुसऱ्यांचा कोड वाचण्यात घालवावा असा माझा आग्रह आहे. 'प्रिन्स ऑफ पर्शिया'चा मूळ कोड मेक्नर यांनी जुन्या फ्लॉपी सापडल्यावर २०१२ मध्ये खुला केला. 'डूम'चा कोड १९९७ पासून खुला आहे, आणि सुरुवात मी त्यापासून करायला सांगेन. त्यातली इन्फो.सी ही फाइल उघडावी. प्रत्येक राक्षसाचा वेग, मार सोसण्याचे बळ आणि हालचालींचे टप्पे तिथे एका लांबलचक तक्त्यात मांडलेले आहेत. आगीचे गोळे फेकणाऱ्या इम्पचे बळ तिथे ६० आहे; ते १२० करावे, गेम पुन्हा तयार करावा आणि पहिला भाग सुरुवातीपासून खेळावा. बंदुकीच्या गोळ्या कोणत्या नकाशावर अपुऱ्या पडू लागतात, कोणत्या अरुंद वाटेत मागे हटायला जागा उरत नाही आणि रोमेरो यांनी कुठला कोपरा कशासाठी ठेवला होता, याची वहीत नोंद करत जावे.